स्वयंपाकघराच्या ओल्या, वाफाळ भिंतीला रंग कोणता द्यावा?

ओसरी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं रो हाऊस आहे, वीस-बावीस वर्षांचं. स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट, उंची १० फूट, शेगडीमागे दोन फूट टाइल. घरात आठ माणसं. पहाटे साडेपाचला पहिला कुकर लागतो, तेव्हापासून रात्रीच्या भाकऱ्या उरकेपर्यंत शेगडीला उसंत नाही. गेल्या दिवाळीआधी सगळीकडे डिस्टेंपर दिला होता. यंदाच्या दिवाळीला भिंतीकडे बघवत नव्हतं.

ओट्याच्या वर, छताला तुळई मिळते त्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. ओल्या फडक्याने पुसले की जातात, पंधरा दिवसांत परत हजर. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे एक मोठं पिंप कायम कोपऱ्यात भरलेलं असतं. त्याच्या मागे जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंग फुगलाय. बोट लावलं की पापुद्रा हातात येतो आणि खाली पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी दिसतं. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. तिसरी जागा खिडकीच्या बाजूची. तिथे पिवळट, चिकट ओघळ आलेत आणि रंगाचे बारीक पोपडे तांदळाच्या डब्यांवर पडतात.

दुकानदार म्हणतो ओल रोखणारा रंग घ्या. आमचे रंगारी म्हणतात ऑइल पेंटच हवा. मैत्रीण म्हणते धुता येणारं इमल्शन. जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला नणंदा आणि त्यांची मुलं येतात, त्याआधी हे काम व्हावं असं सासूबाईंच्या मनात आहे. कोणता रंग घेऊ?

विजापूर रोड | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३५

सरळ ऑइल पेंट मारा ताई. आमच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं झाली, सोड्याच्या पाण्यानं पुसलं की भिंत नव्यासारखी. डिस्टेंपर स्वयंपाकघरात देणाऱ्यानंच चूक केली. त्यात मुख्यतः खडूची भुकटी असते, वाफ लागली की ती मऊ पडते.

रंगारी अण्णा | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, रंगाचं नंतर बघू. आधी पाणी कुठून येतंय ते बघू. मी सत्तावीस वर्षं सोलापुरात रंगकाम करतो. स्वयंपाकघरातले जे रंग उतरलेले बघितले त्यांतले बरेचसे डबा चांगला असूनही उतरलेले होते.

तुम्ही तीन जागा सांगितल्या. मला वाचतानाच वाटलं की ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. वर छताच्या कोपऱ्यात वाफ बसते. खाली गुडघ्याखाली पांढरा कापूस म्हणजे लोणा, म्हणजे भिंतीच्या आतून पाणी येतंय. ते पाणी गिलाव्यातले क्षार विरघळवत बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. खिडकीचं न बघता सांगता येणार नाही.

एक परीक्षा करा, पैसे लागत नाहीत. पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या. तिन्ही जागी सुटलेला रंग खरवडून, चिकटपणा पुसून भिंत कोरडी करा. हातभर लांब-रुंद तुकडा भिंतीवर ठेवा आणि चारही कडा ब्राऊन टेपने अशा बंद करा की वारा आत जाता कामा नये. दोन दिवस हात लावू नका. मग बघा. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतली वाफ. काढल्यावर आतल्या अंगाला, भिंतीकडून ओलसर असेल तर पाणी भिंतीतलं. दोन्ही कोरडं असेल तर त्या जागी ओलीचा प्रश्न नाही, रंगाची पकड सुटली आहे.

आणि पिंपामागच्या भिंतीवर एक रुपया वाजवून बघा. घट्ट गिलावा टणक बोलतो, सुटलेला बद्द बोलतो. बद्द आवाज कुठपर्यंत येतो तिथे खडूने रेघ मारून ठेवा.

ओल रोखणारा रंग आतून लावण्याची घाई नको. पाणी मागून येतच राहिलं तर तो रंग फुग्यासारखा सुटून येतो, किंवा पाणी आणखी वर चढून दुसरीकडे फुटतं.

रसायनवाले सर | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

अण्णांनी परीक्षा अगदी नेमकी सांगितली आहे. वाफेच्या हिशोबात थोडी भर घालतो, कारण स्वयंपाकघरातली वाफ फक्त कुकरची आणि भाताची असते असा आपला समज असतो.

गॅस जळतो तेव्हाही पाणी तयार होतं. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाण्याची वाफ होते. हिशोब केला तर १ किलो गॅस जळला की साधारण १.६ किलो पाणी हवेत जातं. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या स्वयंपाकघरात मिसळलेलं असतं. पातेल्यातून निघणारी वाफ वेगळी. आठ माणसांच्या घरात तीन आठवड्यांत सिलिंडर संपत असेल तर रोजचं लिटरभर पाणी नुसत्या ज्योतीतून येतं.

ही वाफ गार पृष्ठभाग शोधते. उन्हाळ्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी आणि भिंती इतक्या तापलेल्या असतात की त्रास जाणवत नाही. सप्टेंबरच्या पावसात हवाच दमट असते, भिंत सुकायला वावच मिळत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे भिंत गार असते, त्याच वेळी तुमचा पहिला कुकर लागतो. छताजवळची तुळई काँक्रीटची, बाहेरच्या थंडीला लागून असलेली, म्हणून ती विटांच्या भिंतीहून आधी गार पडते. ठिपके नेमके तिथेच का येतात, याचं कारण हे. बुरशीला ओल हवी आणि थोडं अन्न हवं. फोडणीचा चिकट थर आणि धूळ हे अन्न तिला भिंतीवर आयतं मिळतं.

पेठेतला | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

साखर पेठेत आमचं जुनं घर आहे, दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. विजापूर रोडवाल्या दादांनी ऑइल पेंट म्हटलं म्हणून मुद्दाम लिहितोय. काकांनी हौसेनं स्वयंपाकघराला ऑइल पेंट दिला होता. पहिली दोन वर्षं आरशासारखी भिंत. तिसऱ्या पावसाळ्यानंतर हाताच्या पंज्याएवढाले तुकडे मातीच्या गिलाव्यासकट खाली आले. जुनी भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढते आणि अंगातून सोडून देते. आम्ही तिचं अंगच बंद करून टाकलं होतं.

शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला आणि वर भिजवून गाळलेला चुना, थोडा डिंक, नीळ, पातळ पातळ तीन हात. चुना मुळातच इतका क्षारीय की ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. चुलीमागे मात्र शहाबादी फरशी उभी लावून घेतली, कारण चुन्यावर तेल उडालं की डाग जात नाही आणि अंग घासलं तर कपड्याला लागतो. दर दोन वर्षांनी एक हात द्यावा लागतो. आई स्वतः देते, दिवाळीआधीच्या एका दुपारचं काम.

सिमेंटच्या नव्या घराला हेच करा असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची घरं दगड-मातीची आहेत त्यांनी ऑइल पेंटच्या नादी लागू नये, ही कळकळीची विनंती.

विजापूर रोड | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मान्य. आमचं घर सिमेंटचं, भिंत आतून कोरडी आणि खिडक्या समोरासमोर. म्हणून टिकला असेल. एक मात्र खरं, कपाटामागे तो पांढरा रंग पार पिवळा पडलाय.

रसायनवाले सर | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

उजेड न मिळालेल्या जागी तेलाच्या रंगाचं तसं होतं, तो त्याचा स्वभाव आहे. आणखी एक गोष्ट. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर लगेच तेलाचा रंग दिला तर सिमेंटमधला क्षार आणि रंगातलं तेल यांचा अक्षरशः साबण होतो. शाळेत आपण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करतो तीच क्रिया. रंग चिकट राहतो, मग सुटतो. म्हणून नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस पाणी मारणं आणि सुकणं मिळून द्यावेत, आणि क्षार सहन करणारा प्रायमर आधी लावावा.

ओसरी | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१५

अण्णा, फॉइल आज सकाळी काढली. लिहिताना अजून नवल वाटतंय.

छताच्या कोपऱ्यातल्या तुकड्यावर बाहेरून दव पडल्यासारखे बारीक थेंब. सकाळी सहाला, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीनंतर बघितलं. काढल्यावर आतून कोरडा ठणठणीत. पिंपामागचा तुकडा बाहेरून कोरडा, पण टेप सोडवली तर आतल्या बाजूने पाणी ओघळून माझ्या मनगटावर आलं आणि भिंत गडद दिसत होती. खिडकीजवळचा दोन्हीकडून कोरडा, फक्त टेपबरोबर रंगाचा पापुद्राच निघून आला आणि त्याच्या मागची बाजू बोटाला तेलकट लागली.

रुपया वाजवला. बद्द आवाज जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत आहे, चार फूट लांबीत. सासूबाईंनी स्वतः खडूने रेघ मारली.

रंगारी अण्णा | ८ नोव्हेंबर, रात्री १०:००

शाब्बास ताई. म्हणजे वर वाफ, खाली न्हाणीघराचं पाणी आणि खिडकीपाशी चिकट भिंतीवर न धुता दिलेला रंग. तेलावर रंग धरत नाही, मग तो कितीही भारी असो.

खालचं काम आधी प्लंबरचं आहे. भिंतीत जुना लोखंडी पाइप असेल, आणि आपल्याकडे बोअरचं खारं पाणी, तर वीस वर्षांत पाइप आतून खाल्लेला असतो. प्लंबरला हातपंपाने पाइपात दाब भरून तासभर घड्याळ बघायला सांगा. सगळे नळ बंद असताना काटा खाली आला तर पाइप गळतोय. काटा हलला नाही तर न्हाणीघराची फरशी बघा, फटी आणि जाळीभोवतीचा सांधा. त्यासाठी जाळी फडक्याने बंद करून दोन इंच पाणी दिवसभर साठवा आणि फॉइलची परीक्षा पुन्हा करा.

वरच्यासाठी विचारतो, पंखा कुठे आहे? वाफ बाहेर टाकणारा.

ओसरी | ८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

पंखा आहे, खिडकीच्या वरच्या झरोक्यात. रोज लावतो. खिडकीही उघडी ठेवतो, हवा यावी म्हणून.

मालदांडी | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ताई, इथेच मेख आहे. माझी खानावळ आहे, रोज तीनशे भाकऱ्या होतात, म्हणून अनुभवाने सांगतो. पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा आणि एक उदबत्ती पेटवून खिडकीजवळ धरा. धूर कसा जातो बघा. नंतर तीच उदबत्ती शेगडीपाशी धरा.

माझ्याकडे काय झालं, खिडकीतून आलेली हवा सरळ वर पंख्यात आणि बाहेर. शेगडीवरचा धूर होता तिथेच घुटमळत होता. पंखा दिवसभर फिरायचा, वीज जळायची आणि छत काळं ते काळंच. मी खिडकी बंद केली आणि समोरच्या दाराखालून, माजघराकडून हवा येऊ दिली. आता हवा अख्खी खोली ओलांडून, शेगडीवरची वाफ घेऊन पंख्याकडे जाते.

दुसरं, स्वयंपाक संपल्या संपल्या पंखा बंद करू नका. पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. भाताची उरलेली वाफ तेव्हा निघते.

रसायनवाले सर | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

मालदांडींना पूर्ण अनुमोदन. पंखा पुरेसा आहे का याचाही हिशोब करून ठेवा. तुमची खोली १० × ८ × १० म्हणजे ८०० घनफूट. स्वयंपाकघरातली हवा तासाला साधारण १५ वेळा बदलावी असं धरलं तर तासाला १२,००० घनफूट, म्हणजे सुमारे ३४० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा टाकतो ते लिहिलेलं असतं. झरोक्याची जाळी तेलाने बुजली असेल तर त्यातलं निम्मं पण मिळणार नाही, म्हणून पाती आणि जाळी आधी धुवा.

पुण्यातला सोलापूरकर | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझा अनुभव लिहितो, कोणाचे तरी पैसे वाचतील. पुण्यात आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात असाच लोणा आला. एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्याने भिंत बघितलीही नाही धड, मोबाईलवर दर सांगितला आणि आतून दोन हात ओलरोधक रंग देऊन गेला. सहा महिन्यांत तो रंग पोळी फुगावी तसा फुगला. फोन केला तर म्हणे वरच्यांचा पाइप असेल. वरच्यांचाच पाइप होता, पण ते बघायला त्याला कोणी अडवलं होतं? दुरुस्ती शेवटी वरच्या घरात झाली, आणि आमच्या भिंतीला गिलाव्यापासून दुसऱ्यांदा खर्च. मला आजही त्याचा राग आहे.

ओसरी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पाइपच होता. प्लंबरने दाब भरला आणि दहा मिनिटांत काटा निम्म्यावर आला. न्हाणीघरात गरम पाण्याच्या नळाच्या वळणापाशी पाइप तांबेरून सुईएवढं भोक पडलं होतं. मागच्या विटा बोटाने दाबल्या तर ओल्या बिस्किटासारख्या. अख्खा पाइप बदलून सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा टाकला. खडूच्या रेघेपर्यंत गिलावा काढलाय. उदबत्तीही लावून बघितली, मालदांडी दादा, तुमच्याकडे झालं तसंच. सासूबाई म्हणाल्या, एवढी वर्षं आपण खिडकीलाच वारा घालत होतो.

आता उघड्या विटा आहेत. यात्रेआधी गिलावा, रंग सगळं होईल ना?

रंगारी अण्णा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

गिलावा होईल. रंग होणार नाही, आणि मी असतो तर दिलाही नसता. नाराज होऊ नका.

विटा आतून भिजलेल्या आहेत. पंधरा दिवस तरी तशाच उघड्या ठेवा, टेबलफॅन लावा. विटांवर पांढरं येईल, ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुवू नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. पांढरं येणं थांबलं की गिलावा. आणि गिलाव्यासाठी बोअरचं पाणी वापरू देऊ नका. आपल्या इथे खूप बोअर खारे आहेत, गवंडी पाइप लावून मोकळा होतो, आणि वर्षभराने घरमालक विचारतो की गळती नसताना लोणा कुठून आला. नळाचं पाणी पिंपात साठवून तेच द्या. वाळूही चाळून, गोड्या पाण्याची.

मग २८ दिवस. जानेवारी जाऊ द्या. पाहुण्यांना नवा गिलावा दिसला तर काही बिघडत नाही. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आपल्याकडे रंगाला सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये भिंत इतकी तापते की इमल्शन ब्रशखालीच सुकतं, थर नीट जुळत नाही, ब्रशच्या रेघा राहतात. पावसाळ्यात सुकतच नाही.

ओसरी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४५

सासूबाईंना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या फेब्रुवारी तर फेब्रुवारी. अण्णा, आता रंगाचं सांगाल का?

रंगारी अण्णा | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

आता सांगतो, सविस्तर. डबा उघडण्याच्या आधीचंच काम जास्त आहे.

पहिली बुरशी. कोरड्या ब्रशने घासू नका, तिची भुकटी घरभर उडते. कपड्यांचं ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, हातमोजे घालून स्पंजने ठिपक्यांवर आणि भोवती हातभर लावा. पंधरा मिनिटं थांबा, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. खिडक्या उघड्या ठेवा. नुसतं पुसून रंग दिला तर ती रंगाच्या खालून वर येते.

मग चिकटपणा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून खिडकीकडची भिंत, छत, माळ्याच्या कडा धुवा. नंतर दोनदा साध्या पाण्याने. हात फिरवला की भिंत करकरीत लागली पाहिजे.

डिस्टेंपर जिथे जिथे हलका आहे तो पत्रीने पूर्ण काढा. डिस्टेंपरवर इमल्शन दिलं तर इमल्शन डिस्टेंपरला धरतं, पण डिस्टेंपर भिंतीला धरत नाही, दोन्ही मिळून खाली येतात. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, भरायला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. पीओपी किंवा जिप्समची लांबी स्वयंपाकघरात नको, दमट हवेत ती मऊ पडते. पुट्टी घासून झाली की रात्री बल्ब भिंतीला टेकवून तिरपा उजेड टाका. दिवसा न दिसणारा प्रत्येक खड्डा सावली टाकतो. याला कंटाळू नका, कारण चकाकी असलेला रंग भिंतीचे दोष लपवत नाही, उलट दाखवतो.

वर पाण्यातला अॅक्रिलिक प्रायमर एक हात. नव्या गिलाव्याला क्षार सहन करणारा.

आता रंग. छताला आणि टाइलच्या वरच्या भिंतींना पूर्ण अॅक्रिलिक इमल्शन, बुरशीरोधक, सॅटिन किंवा मंद चकाकीचं. मॅट नको. मॅटमध्ये भुकटी जास्त आणि ती धरून ठेवणारा चीक कमी, म्हणून त्याचं अंग सच्छिद्र राहतं, वाफ आणि तेल आत मुरतं, पुसलं की चट्टा पडतो. चकाकी वाढत जाते तसा चीक वाढतो, अंग बंद होतं, फडका फिरतो. शेगडीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना मात्र रंगावर भरवसा नको, टाइल हवी. तुमच्याकडे दोन फूटच आहे, जमलं तर वर माळ्यापर्यंत न्या. टाइल नसेल तिथे पाण्यातलं इनॅमल मिळतं हल्ली, वास कमी, पिवळं पडत नाही, घासून पुसता येतं. दारं-खिडक्यांनाही तेच द्या.

दोन हात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मोजून. रंग पुरवायला अर्धी बादली पाणी ओतणारे रंगारी आमच्यातच आहेत, त्या वेळी समोर उभं राहा. दोन हातांमध्ये चार तास. आणि रंग झाल्यावर महिनाभर भिंत धुवायची नाही, वरून सुकला तरी आतून पिकायला वेळ लागतो.

किती लागेल तेही लिहितो. चार भिंती मिळून ३६ फूट लांबी, १० उंची, ३६० चौरस फूट. दार, खिडकी, टाइल वजा जाता २५० धरा. छत ८०. एकूण ३३०. दोन हातांना लिटरमागे साधारण ६० चौरस फूट निघतात, म्हणजे साडेपाच लिटर. सहा घ्या, उरलेला घट्ट झाकण लावून ठेवा, डागाला उपयोगी येतो.

रसायनवाले सर | १८ नोव्हेंबर, रात्री ८:१५

दोन सावधगिरीच्या गोष्टी, दोन्ही मनापासून.

ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, एकापाठोपाठ एक वापरूही नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी गोष्ट, दाराच्या चौकटीवर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचं घर त्याच्या आधीचं. जुन्या थरात शिसं किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पाणी लावून ओला पॉलिश पेपर फिरवा, खाली प्लॅस्टिक पसरा, चिखल गोळा करून पिशवीत बांधा. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

मालदांडी | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

ज्यांची खानावळ किंवा गृहउद्योग आहे त्यांच्यासाठी जोडतो. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत स्वयंपाकाच्या जागेच्या भिंती-छत गुळगुळीत, सहज साफ होणारे, रंग किंवा गिलावा न सुटणारे असावेत असं आहेच. मी खाली सहा फूट टाइल आणि वर दोन भाग एकत्र करून लावायचा इपॉक्सी रंग दिला. तो घरगुती स्वयंपाकघराला गरजेचा नाही, महागही पडतो. पण माझ्या छताला रोज वाफेची आंघोळ होते, तिथे इमल्शन दोन वर्षांच्या पुढे टिकलं नव्हतं. भिंत पूर्ण कोरडी असल्याशिवाय मात्र इपॉक्सीचं नावही काढू नका, त्याच्या अंगातून वाफ जातच नाही.

नवा मुक्कामी | २३ जानेवारी, रात्री ९:००

धागा उशिरा वाचला. आमच्यात बी असंच व्हायलालंय, पण छताच्या मधोमध, शेगडीपासून लांब. फॉइल लावली, आतून ओली. वर गच्ची हाय.

रंगारी अण्णा | २४ जानेवारी, सकाळी ७:३०

मग गच्चीच बघायला लागेल. कोब्याला भेग आहे का, पाणी उताराने पन्हाळीपर्यंत जातं का, टाकीच्या बुडाशी शेवाळ आहे का. दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे थांबतं बघा. आता कोरडे दिवस आहेत, भेगा भरून घ्या. खालचा रंग पुढच्या पावसानंतरच.

ओसरी | १६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

रंग झाला. अण्णांनी सांगितलं तसंच, एकही पायरी गाळली नाही. बल्बची परीक्षा माझ्या धाकट्याने केली, त्याला तेवीस खड्डे सापडले आणि रंगाऱ्यांनी सगळे भरून दिले. छत पांढरं, भिंती फिकट हळदीच्या, सॅटिन. टाइल शेगडीमागे माळ्यापर्यंत नेली. सहा लिटरमधला पाऊण लिटर उरला.

यात्रेला पाहुणे आले तेव्हा भिंतीचा खालचा भाग राखाडी गिलाव्याचाच होता. नणंदांनी कारण विचारलं, सासूबाईंनी फॉइलपासून सुईएवढ्या भोकापर्यंत सगळं सांगितलं. थोरल्या नणंदेने अकलूजला जाऊन स्वतःच्या भिंतीला फॉइल लावली.

ओसरी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:२०

पावसाळा गेला म्हणून लिहितेय. सप्टेंबरात सलग चार दिवस झड होती, कपडे माजघरात वाळत होते. पिंपामागची भिंत कोरडी आहे. पिंपही आता लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवलंय. मी आज पुन्हा रुपया वाजवला, टणक आवाज. तुळईचा कोपरा स्वच्छ. खिडकीकडची भिंत आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसते, रंग फडक्याला लागत नाही.

एकाच जागी चार-पाच ठिपके दिसले, माळ्यावर, तांब्याच्या मोठ्या हंड्यांच्या मागे.

रंगारी अण्णा | ११ ऑक्टोबर, रात्री १०:०५

तिथे हवा फिरत नाही ताई. ठिपके ब्लीचच्या पाण्याने पुसा, हंडे भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि माळ्याचं दार दिवसा उघडं ठेवा. उरलेल्या पाऊण लिटरला हात लावायची गरज नाही.

ओसरी | १२ ऑक्टोबर, दुपारी २:४०

हंडे पुढे ओढले. तीन हंडे सासूबाईंनी खाली काढून चिंचेने घासायला घेतलेत, दिवाळीला तेच बाहेर ठेवायचे म्हणतात.